प्रस्तावना : वाशिमची गोष्ट रेषेला कोण सांगणार?

१९६१ ते २०११ या सहा जनगणनांमधली अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या लाखांत मांडली, तर १२.३, १५.४, १८.६, २२.०, २६.१ आणि २८.९ असे आकडे येतात. एक्सेलमध्ये एका स्तंभात वर्षं आणि शेजारच्या स्तंभात हे आकडे भरा, बिंदूंचा आलेख काढा, त्यात ट्रेंडलाइन घाला. रेषा सगळ्या बिंदूंना जवळजवळ चाटून जाते. तिचा चढ दशकाला ३.३९ लाख आणि आर-वर्ग, म्हणजे रेषा बिंदूंना किती जुळते याचं शून्य ते एक यांमधलं माप, ०.९९८ येतो. परीक्षकाला दाखवावा असा आलेख.

आता शेजारच्या अकोला जिल्ह्याचे आकडे घ्या : ११.९, १५.०, १८.३, २२.१, १६.३ आणि १८.१. वर्षं तीच, कृती तीच, सॉफ्टवेअरही तेच. या वेळी चढ येतो दशकाला १.११ लाख आणि आर-वर्ग ०.३६. रेषा बिंदूंच्या मधून कशीबशी वाट काढते, कोणालाच धड भेटत नाही. अकोला कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हाती हा आलेख दिला, तर तो काय काय तर्क करील? मोठं स्थलांतर झालं असेल, दुष्काळ पडला असेल, निदान कुठेतरी टंकनाची चूक असेल. बाळापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या कुठल्याही माणसाला मात्र एवढा विचार करावा लागणार नाही. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला. १९९१ चे २२.१ लाख वाशिम धरून आहेत, २००१ चे १६.३ लाख वाशिम वगळून.

वाशिमचे २००१ मधले १०.२ लाख आणि २०११ मधले १२.० लाख परत अकोल्यात मिळवले की शेवटचे दोन आकडे २६.५ आणि ३०.१ होतात. पुन्हा रेषा काढा : चढ दशकाला ३.६९ लाख, आर-वर्ग ०.९९७. म्हणजे दशकाला सुमारे अडीच लाखांचा जो फरक पडला, तो माणसं कमी झाल्यामुळे पडलेला नव्हता, जिल्ह्याची हद्द बदलल्यामुळे पडला होता. आणि सॉफ्टवेअरने तिन्ही वेळा दिलेली उत्तरं गणिताच्या दृष्टीने अगदी बिनचूक होती.

सर्वोत्तम जुळणारी रेषा आणि तिचा चढ या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी या उदाहरणापाशी आधी थांबवतो. हे पुस्तक अमरावती, अकोला, अचलपूर, दर्यापूर, वरूड इथल्या महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या आणि शेतकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यांच्या शिक्षकांसाठीही आहे, आणि आकड्यांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो अशा पत्रकारांसाठी नि कार्यालयीन मंडळींसाठीही. गणिताची भीती असलेल्यांनी खुशाल यावं. इथे लागणारं गणित दहावीच्या निर्देशक भूमितीपलीकडे फारसं जात नाही. लागतो तो थोडा संशय.

प्रात्यक्षिकाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, रेघ तं आली, आता काय लिहू?’ प्रश्न भाबडा वाटतो, पण या विषयाचं सगळं शिक्षण त्या ‘आता काय’मध्ये आहे. रेघ येण्याआधी काय घडतं ते मात्र थोडक्यात पाहून घेऊ.

कागदावर बिंदू आहेत आणि पट्टी हातात आहे. पट्टी कशीही ठेवली तरी काही बिंदू वर राहतात, काही खाली. प्रत्येक बिंदूपासून रेषेपर्यंतचं उभं अंतर मोजलं, तर काही अंतरं धन येतात, काही ऋण. त्यांची नुसती बेरीज करून भागत नाही. वरची आणि खालची अंतरं एकमेकांना खाऊन टाकतात आणि साफ वाकड्या रेषेचीही बेरीज शून्य येऊ शकते. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा, ते वर्ग मिळवायचे आणि ज्या रेषेसाठी ही बेरीज सगळ्यांत लहान येईल ती निवडायची. हीच लघुतम वर्ग पद्धत. क्ष-मूल्यं सगळी एकच नसली, तर अशी रेषा नेहमी एक आणि एकच मिळते. ती क्ष आणि य यांच्या सरासरीच्या बिंदूतून जाते. अमरावतीच्या उदाहरणात तो बिंदू १९८६ आणि २०.५५ लाख असा आहे. १९८६ साली कुणी जनगणना केली नव्हती, तरी रेषा तिथून जाते ती जातेच.

वर्ग करण्याची किंमतही मोजावी लागते. रेषेपासून दुप्पट दूर असलेला बिंदू चौपट बोलतो. दशांशचिन्ह एक घर सरकलं की तो एकच आकडा सगळ्या रेषेला आपल्याकडे ओढतो, आणि तो आलेखाच्या टोकाला असेल तर ओढ आणखी वाढते. म्हणून माझा आग्रह असा की आधी नुसते बिंदू पाहावेत आणि रेषा नंतर घालावी. हा क्रम उलटा झाला की डोळे रेषेच्याच मागे जातात.

ही पद्धत फ्रेंच गणितज्ञ लजांद्रने १८०५ मध्ये छापून जगापुढे ठेवली, धूमकेतूंच्या कक्षांवरच्या ग्रंथाच्या पुरवणीत. १८०९ मध्ये जर्मन गणितज्ञ गाउसने आपल्या ग्रंथात ती मांडली आणि आपण ती आधीपासून वापरत होतो असं सांगितलं. त्यावरून दोघांत कटुता आली. लजांद्रने दाखवलेलं उदाहरण होतं पृथ्वीच्या रेखावृत्ताच्या मोजणीचं, आणि इथे वऱ्हाडच्या वाचकाने कान टवकारावेत. कारण त्याच काळात हिंदुस्थानात रेखावृत्ताची तशीच एक प्रचंड कमान मोजली जात होती. १८०२ मध्ये मद्रासेजवळून हे काम सुरू करणारे विल्यम लॅम्टन मोजणी करत करत उत्तरेकडे सरकले आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांचे मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेलं. त्यांच्या कमानीवरचं एक महत्त्वाचं खगोलीय निरीक्षणाचं ठाणं होतं एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरच्या बाजूचं टाकळखेडा.

टाकळखेड्याची अडचण आपल्या विषयाच्या मर्माशी जाऊन भिडते. ओळंबा सरळ खाली लोंबतो असं आपण धरून चालतो. पण उत्तरेला सातपुड्याचा पहाड उभा आहे, त्याचंही गुरुत्वाकर्षण आहे, आणि ते ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतं. एव्हरेस्ट यांनी या ओढीचा हिशेब मांडला. रात्रीमागून रात्री ताऱ्यांचे वेध घेतले असते, तरी ही चूक सरासरीत विरली नसती. कारण ती कधी इकडे, कधी तिकडे पडणारी नव्हती. ती रोज एकाच दिशेला पडत होती. लघुतम वर्ग पद्धत हाताची थरथर, डोळ्याची चूक, घड्याळाची गडबड पोटात घेते. पहाड कुठल्या अंगाला आहे हे तिला कळत नाही. वाशिम कधी गेलं हेही तिला कळत नाही, तसंच.

आता चढाकडे. विद्यार्थी चढ नुसता आकडा म्हणून लिहितात : ३.३९. कशाचे ३.३९? चढाला नेहमी एकक असतं, य-अक्षाचं एकक भागिले क्ष-अक्षाचं. दशकाला ३.३९ लाख माणसं म्हणजे वर्षाला सुमारे ३३,९०० माणसं. एकक लिहिलं की चढ बोलू लागतो.

साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. बहुतेक प्रयोगशाळांत तो जुन्या रिवाजाने एकेका लांबीसाठी गुरुत्वीय त्वरण, म्हणजे जी, काढून शेवटी सरासरी घेऊन करतात. त्यापेक्षा लांबी क्ष-अक्षावर आणि आवर्तकालाचा वर्ग य-अक्षावर घ्यावा. या रेषेचा चढ म्हणजे चार पाय-वर्ग भागिले जी. तो मीटरला सुमारे ४.०३ सेकंद-वर्ग यायला हवा. या रीतीचा मोठा फायदा असा की लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरायची राहून गेली, तर प्रत्येक वाचनात चूक सारखीच पडते. सगळे बिंदू एकत्र बाजूला सरकतात, रेषा समांतर सरकते, चढ जिथल्या तिथे राहतो. चूक सगळी य-अक्षावरच्या छेदात जाऊन बसते. एक सेंटिमीटर त्रिज्या विसरली तर तिथे सुमारे ०.०४ दिसतात. सरासरीच्या रीतीत हीच चूक प्रत्येक उत्तरात मिसळून जाते आणि पुन्हा वेगळी काढता येत नाही.

म्हणून ट्रेंडलाइनच्या खिडकीतला ‘रेषा शून्यातून न्या’ हा पर्याय सहज निवडू नये. ‘लांबी शून्य तर आवर्तकाल शून्य’ हा युक्तिवाद बरोबर असला, तरी तुमच्या पट्टीचं शून्य बरोबर आहे याची तो हमी देत नाही. शिवाय रेषा बळेच शून्यातून नेली की एक्सेल आर-वर्ग वेगळ्या रीतीने काढतं. तो आकडा अनेकदा वाढतो आणि विद्यार्थी खूश होतो.

याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट. पाठ्यपुस्तकातला ९.८१ हा आकडा पंचेचाळीस अक्षांशाच्या आसपासचा आहे. अमरावती आणि अकोला एकवीस अंशांच्या किंचित अलीकडे आहेत, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आगेमागे. अक्षांश आणि उंची यांचं सूत्र लावलं तर इथला जी ९.७९ च्या जवळ येतो. हाताच्या स्टॉपवॉचने हा फरक पकडणं कठीण आहे, हे खरं. पण अख्ख्या वर्गाच्या वह्यांत ९.८१ नेमके उतरलेले दिसले, की मोजणी कुठे थांबली आणि जुळवाजुळव कुठे सुरू झाली हे शिक्षकाला कळतं. ९.७४ आलं तर ९.७४ लिहावं आणि त्याच्यापुढे अनिश्चितता लिहावी. ती कुठून आणायची? एक्सेलमध्ये आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ‘लिनेस्ट’ नावाचं सूत्र आहे. ते चढ, छेद आणि त्या दोघांच्या प्रमाण त्रुटी एका झटक्यात देतं. एक्सेलच्या जुन्या आवृत्तीत आधी पाच ओळी आणि दोन स्तंभ निवडून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं. नव्या आवृत्तीत उत्तर आपोआप पसरतं. ‘स्लोप’ आणि ‘इंटरसेप्ट’ ही साधी सूत्रं सगळ्यांना ठाऊक असतात, लिनेस्टकडे फार कमी जण वळतात. या पुस्तकात ते दुसऱ्याच प्रकरणात आणलं आहे.

छेदाचा विषय निघालाच आहे तर जिनिंगचं उदाहरण. क्ष-अक्षावर आत गेलेला कापूस, य-अक्षावर बाहेर आलेली रुई, दोन्ही किलोत. चढ म्हणजे किलोला मिळणारी रुई, साधारण तृतीयांश. वाण, वेचणी आणि ओलावा यांप्रमाणे तो वर-खाली होतो. इथे छेद शून्याजवळ असायला हवा, कारण कापूस घातला नाही तर रुई कुठून येणार? तो ठळकपणे शून्यापासून दूर आला, तर आधी वजनकाटा तपासावा. काटा रिकामा असतानाच काही किलो दाखवत असेल.

वर्षं क्ष-अक्षावर असली की छेद विनोदी होतो. अमरावतीच्या आलेखावर सॉफ्टवेअर य = ०.३३८६ क्ष − ६५१.८५ असं समीकरण छापतं. म्हणजे इसवी सन शून्यात अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या उणे साडेसहा कोटी! छेदाचा अर्थ तिथे शोधू नये. तो आपल्या आकड्यांपासून जवळजवळ दोन हजार वर्षं दूर आहे. पण याच समीकरणात एक खड्डाही आहे. कोणी ते वहीत ‘०.३४ क्ष − ६५२’ असं आटोपशीर करून उतरवलं आणि त्यात २०११ घातले, तर उत्तर ३१.७ लाख येतं. रेषेवरचं खरं मूल्य २९.० लाख आहे. दोन दशांश स्थळांची काटकसर पावणेतीन लाख माणसं घालून गेली. उपाय सोपा आहे. वर्षातून १९६१ वजा करा, किंवा समीकरणातली दशांश स्थळं वाढवून घ्या.

आलेखाचा प्रकार निवडतानाही असंच होतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘लाइन’ नावाचा आलेख आहे आणि ‘स्कॅटर’ नावाचाही. रेषा हवी म्हणून विद्यार्थी ‘लाइन’वर क्लिक करतो, यात त्याचा दोष तो काय! पण त्या आलेखाला क्ष-अक्षावरचे आकडे नुसती लेबलं वाटतात. तो पहिला, दुसरा, तिसरा अशी स्वतःची मोजणी लावतो. जनगणना दर दहा वर्षांनी होते म्हणून चढ तिथे फक्त दसपट दिसतो आणि निभावून जातं. लंबकाच्या लांब्या ४०, ५०, ६०, ८०, १०० सेंटिमीटर अशा असमान असल्या, तर मात्र चढ निव्वळ निरर्थक येतो. बिंदूंचा आलेख म्हणजे नेहमी ‘स्कॅटर’.

‘स्लोप’ सूत्रात आधी य-स्तंभ द्यायचा, मग क्ष-स्तंभ. बोलताना आपण क्ष आधी म्हणतो, म्हणून इथे हात चुकतो. उलट दिलं तर जो चढ येतो तो मूळ चढाचा व्यस्त असेलच असं नाही. दोन्ही चढांचा गुणाकार बरोबर आर-वर्गाएवढा येतो. अमरावतीत तो ०.९९८ असल्याने चूक लपून जाते. वाशिमची दुरुस्ती न केलेल्या अकोल्यात ०.३६ असल्याने लपत नाही.

आणि ‘निरंक’. सरकारी तक्त्यात पाऊस पडला नाही तर निरंक लिहितात, पर्जन्यमापक बंद असेल तर आडवी रेघ. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. अक्षरं किंवा रेघ असलेला कप्पा ‘स्लोप’ सूत्र मुकाट्याने वगळतं. म्हणजे निरंक, जे खरं मोजमाप होतं, तेही गळून जातं. उलट कोणी उत्साहाने सगळीकडे शून्य भरलं, तर बंद पडलेलं यंत्र कोरडा दिवस ठरतं. दुसरीकडून उचललेल्या आकड्यामागे एखादी मोकळी जागा चिकटून आली तर तो आकडा मजकूर होऊ शकतो. तो कप्प्याच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसला की ओळखावा.

आर-वर्गाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. त्याला वह्यांमध्ये फार मान मिळतो. अमरावतीचा ०.९९८ पुन्हा पाहा. १९९१ ते २००१ या दशकात जिल्ह्यात सुमारे ४.१ लाख माणसं वाढली, पुढच्या दशकात २.८ लाख. वाढ एकदम मंदावली आणि आर-वर्गाने हूं की चूं केलं नाही. बिंदूंचे रेषेपासून उरलेले फरक मात्र ते सांगतात. २००१ चा बिंदू रेषेच्या सुमारे ०.४७ लाख वर आहे, २०११ चा ०.११ लाख खाली. ही रेषा पुढे वाढवली तर २०२१ साठी ३२.४ लाख येतात. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, त्यामुळे हा आकडा कार्यालयांच्या अहवालांत खऱ्याच्या जागी बसायला फार सोकावेल. तो वापरणाऱ्याने निदान त्याशेजारी ‘अंदाज’ असं लिहावं. उरलेल्या फरकांचा वेगळा आलेख काढण्याची सवय याच कामासाठी आहे. तो आलेख कमानीसारखा दिसला, तर सरळ रेषा हे तुमच्या विषयाचं रूपच नव्हे.

पाऊस आणि सोयाबीनचं उत्पादन यांचं असंच आहे. कमी पावसात पीक जातं आणि अतिवृष्टीतही जातं. तिथे सरळ रेषेचा चढ शून्याजवळ येईल, आणि त्यावरून पावसाचा पिकाशी संबंध नाही असं म्हणणाऱ्याला पिंजरच्या किंवा तिवशाच्या कुठल्याही शिवारात हसतील.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातल्या विहिरींवर या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ही सगळी वाचनं एकाच रेषेत घातली, तर उन्हाळा-पावसाळ्याची करवत दिसते आणि चढ त्या दातांत हरवतो. सगळ्या मे महिन्यांची एक रेषा, सगळ्या ऑक्टोबरांची दुसरी, असं करावं लागतं. शिवाय मोजतात ती जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. म्हणून इथे धन चढ म्हणजे पाणी खाली चाललं. बातमी लिहिताना हे चिन्ह उलटलं तर अर्थही उलटतो.

मराठी मुलखात या विषयाची परंपरा नवी नाही. व्ही. जी. पानसे यांनी इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलं. पी. व्ही. सुखात्मे मूळ सातारा जिल्ह्यातले. या दोघांचा शेतकीसाठीच्या सांख्यिकी पद्धतींवरचा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये छापला. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं, तोवर ‘पानसे-सुखात्मे’ हे शेतकीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी एकाच पुस्तकाचं नाव होऊन बसलं होतं. त्यातली समाश्रयणाची, म्हणजे अशा रेषा बसवण्याची, उदाहरणं हाताने सोडवायची असतात. संगणक आल्यावर ती सोडवण्याचं कारण उरलं नाही असं पुष्कळांना वाटतं. मला वाटत नाही. सहा बिंदूंची रेषा एकदा तरी कागदावर काढावी : सरासऱ्या, त्यांपासूनची अंतरं, गुणाकार, वर्ग, भागाकार. तास-दीड तास जातो. त्यानंतर स्क्रीनवर चढ उमटला की तो कुठून आला हे ठाऊक असतं, आणि तो विचित्र असेल तर खटकतो.

पुस्तकातली सर्व कोष्टकं एक्सेल, कॅल्क आणि गूगल शीट्स या तिन्हींत चालतील अशी मांडली आहेत. महाविद्यालयात परवान्याचं सॉफ्टवेअर नसेल तर कॅल्क फुकट मिळतं आणि या कामाला पुरून उरतं. पहिल्या प्रकरणासाठी आलेखकागद, टोकदार पेन्सिल आणि पारदर्शक पट्टी घेऊन बसावं. तिथे अकोल्याचे सहा आकडे दिले आहेत, वाशिमशिवाय. आधी डोळ्यांनी रेषा काढा, तिचा चढ एककासह लिहा, मगच संगणक सुरू करा.